एका पोटची वांगी

अकोला,
११ नोव्हेंबर २०२४

श्री. खुशालराव भुयार, अमरावती यांस
जानराव गावंडे यांचा नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण मुद्दाम कागदावर लिहीत आहे. पाटबंधारे खात्यात जन्मभर कारकुनी केली. तिथे एवढंच शिकलो की तोंडचं बोलणं वाऱ्यावर जातं आणि लिहिलेलं राहतं.

फेब्रुवारीत आपली प्राजक्ता माझ्या अंकुरची बायको होऊन आमच्या घरी आली. पाठवणीच्या वेळी आपण तिच्या ओटीत वांग्याच्या बियांची पुरचुंडी घातली. "भुयाराची लेक घरचं बी घेऊनच सासरी जाते," हे आपण मांडवात सगळ्यांसमोर म्हणालात. माझ्या मनाला ते फार लागलं होतं, चांगल्या अर्थानं. मी ते बी जूनमध्ये शेतात स्वतः टाकलं, रोपं स्वतः लावली आणि परवा ऑफिसच्या जुन्या मंडळींना रोडग्याच्या जेवणाला बोलावलं. "आज व्याह्यांच्या घरची वांगी खाऊ घालतो," असं सांगून बोलावलं.

वांगी तोडायला गेलो तर काही जांभळी गोल, काही जांभळी लांब, काही हिरवी गोल, आणि काही हिरवी लांब काकडीसारखी! लग्नाआधी आपल्या घरी जेवलो होतो ती वांगी सगळी एका साच्यातली होती, जांभळी, गोल, चकचकीत. गोवऱ्यांवर रोडगे भाजले जात होते आणि आमचे रामराव टोपलीत हात घालून एकेक वांगं वर काढून दाखवत होते. म्हणाले, "जानराव, इवायानं त बजाराचं झाडून आणून बांधून देल्लं तुमाले!" सगळे हसले. मी त्या दिवशी जेवलो नाही.

आपण भेसळ का केली ते मी विचारत नाही. फक्त एक कळवतो. प्राजक्ताचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं आपलं ठरलं होतं. ते आता अकोल्यातच करण्याचं योजिलं आहे. इथे डॉक्टर चांगले आहेत.

कळावे,
जानराव गावंडे

*

अमरावती,
१६ नोव्हेंबर २०२४

व्याहीबुवा जानराव यांना खुशालराव भुयार यांचा रामराम.

पत्र मिळालं. वाचून आधी हसलो, मग तापलो, मग बायकोनं पाणी दिलं. मी एसटीच्या डेपोत गाड्या सोडायचं काम केलं, मला तुमच्यासारखं वळसे घालून लिहिता येत नाही. सरळ लिहितो.

माझ्या बियात भेसळ निघाली तर मी मिशी उतरवून अकोल्याच्या चौकात उभा राहीन. माझ्याच वावरातलं, माझ्याच हातानं धुतलेलं, राखेत घोळून वाळवलेलं बी होतं ते. एकाच ताटव्यातलं. लेकीच्या ओटीत बाजाराचं झाडून घालणारा बाप तुम्ही कुठे पाहिला? आता तुमच्याकडे गेल्यावर ते बिघडलं असेल तर त्याला मी काय करू? तुमचा तो खारपाण पट्टा, तिथलं पाणी जनावर तोंडात धरत नाही. त्या पाण्यावर वांगं काय, माणूसही सरळ राहायचा नाही.

बाळंतपणाचं मात्र असं मोडू नका. वांग्याचं वैर पोटुशा पोरीवर काढायचं ही कोणती रीत? आमच्या दुर्गाबाईनं खोलीला चुना दिला आहे, जुन्या पातळांची दुपटी शिवून ठेवली आहेत. आमच्यात सातव्यात लेक आणतात, आठव्यात प्रवास करू देत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. वेळ फार नाही.

खुशालराव

*

अकोला,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,
नमस्कार.

तुम्ही काय लिहून बसलात! "माणूसही सरळ राहायचा नाही" हे वाक्य मामाजींनी मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं, मग चष्मा काढून ठेवला आणि उठून गेले. तेव्हापासून ते तुमचं नाव घेत नाहीत. मी ताट वाढलं की "बस" म्हणतात, तेवढंच.

मी मध्ये बोलून पाहिलं. "मामाजी, यात काहीतरी वेगळं कारण असेल, मला शोधू द्या," म्हटलं. तर म्हणाले, "तू त तुह्या बापाचीच बाजू घेशीन." सासूबाई आतून ओरडल्या, "पोरीले काहून मधात ओढता?" त्यावर ते पेपर उघडून बसले. अंकुर म्हणतो, थोडे दिवस जाऊ दे. पण बाबा, दिवस जाऊ देण्यासारखे नाहीत. मला सहावा लागला आहे.

खरं सांगू का, मी इथे सुखात आहे. कुणी मला काही कमी करत नाही. तरी मला यायचं आहे. पहिल्या वेळेला उशाशी आई हवी आहे, त्याला माझ्याकडे दुसरं कारण नाही. कॉलेजमध्ये बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, प्रसूतीचा अख्खा धडा फळ्यावर काढते, आणि घरी आले की भीती वाटते. हसू नका.

काल कॉलेजातून परस्पर शेतात गेले आणि सगळा ताटवा फिरून पाहिला. बाबा, ही भेसळ वाटत नाही. म्हणून विचारते, चिडू नका आणि फुशारकीही मारू नका. लग्नाच्या आदल्या वर्षीची ती वांगी, ज्यांचं बी तुम्ही मला दिलं, त्यांची रोपं कुठून आली होती? आजीचं ते जुनं बी होतं का?

तुमची
प्राजक्ता

*

अमरावती,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. प्राजक्तास अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. तुझी आई मात्र ते वाचून पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आली नाही.

विचारतेस म्हणून सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. आजीचं बी त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेलं. चांदूर रेल्वे रोडच्या वावरात पाणी साचलं, ताटवा सडला, आणि डब्यात थोडं उरलं होतं त्याला बुरशी धरली. मग नांदगाव पेठच्या बाजारातून रोपांचा एक ट्रे आणला. रोपं अशी एकसारखी की शाळेची पोरं प्रार्थनेला उभी केल्यासारखी. वांगीही तशीच आली. त्यातली सगळ्यात देखणी वांगी पिकू दिली आणि बी धरलं. तेच तुझ्या ओटीत घातलं.

आता तू म्हणशील ते घरचं कसं? अगं, माती आपली, पाणी आपलं, शेणखत आपलं. एक अख्खा हंगाम आपल्या वावरात काढल्यावर ते घरचंच झालं की. सून नाही का चार महिन्यांत घरची होत?

व्याह्यांना मी खोटं बोललो नाही, एवढं तुला तरी पटतं ना? बाकी कुणाला पटो न पटो. बियाण्यासाठी धरलेली दोन वांगी अजून स्वयंपाकघरात दोरीला टांगली आहेत, वाळून खुळखुळा झाली आहेत. ती पाहिली की जीव जळतो.

तुझा
बाबा

*

अकोला,
८ डिसेंबर २०२४

ती. बाबा, ती. आई,

तुमचं पत्र वाचून मी एकटीच खदखदून हसले. सासूबाई घाबरून धावत आल्या. बाबा, तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण तुम्ही चुकलात, आणि मामाजीही चुकले.

बाजारातली ती रोपं संकरित होती. म्हणजे त्यांची आई एका जातीची आणि बाप दुसऱ्या जातीचा. समजा आई जांभळी गोल, बाप हिरवा लांब. झाडाकडे प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. या चिठ्ठ्यांनाच आम्ही जनुकं म्हणतो. रंगासाठी एक चिठ्ठी जांभळ्याची, एक हिरव्याची. दोन्ही एकत्र आल्या की जांभळ्याचं चालतं, हिरवी गप्प बसते. गोल आणि लांबाचंही तसंच धरा. म्हणून तो सगळा ट्रे जांभळा, गोल, एकसारखा. पण हिरवी चिठ्ठी गप्प बसली होती, मेली नव्हती.

तुम्ही त्या वांग्यांचं बी धरलंत. बी होताना झाड दोन चिठ्ठ्यांतली एकच पुढे देतं, कोणती ते नशिबावर. मग कुठल्यातरी बियात हिरवी आणि हिरवी एकत्र येते, आणि आजोबाचा रंग नातवात उघडा पडतो. रंगाची चिठ्ठी आणि आकाराची चिठ्ठी वेगवेगळ्या वाटल्या जातात, म्हणून जांभळी लांब आणि हिरवी गोल अशी नवीनच जोडणी निघते. मी ताटव्यात पाहिलं, जांभळी गोल सगळ्यात जास्त आहेत आणि हिरवी लांब अगदी थोडी. दोन पुड्या कुणी मिसळल्या असत्या तर दोनच जाती निघाल्या असत्या, अशी सरमिसळ झाली नसती.

आणि बाबा, मातीनं काही होत नाही. चांगल्या मातीत वांगं मोठं होईल, चवीला येईल, पण त्याच्या चिठ्ठ्या बदलत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या आपण पोरींचे कान टोचतो, म्हणून कुणाची पोर टोचलेले कान घेऊन जन्मली का? आजीचं बी खात्रीचं होतं ते मातीमुळे नाही, आजीमुळे. आजीनं, तिच्या सासूनं, दरवर्षी हवं तेच वांगं बियाण्याला ठेवलं, नको ते खाऊन टाकलं. वर्षानुवर्षं तसं निवडत गेलं की नको त्या चिठ्ठ्या गळत जातात. निसर्गही हेच करतो, फक्त त्याला आजीपेक्षा लाखो वर्षं जास्त मिळाली.

आता काम ऐका. माझं बोलणं मामाजींना बापाची वकिली वाटते. त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दोरीवरचं एक वांगं न फोडता त्यांच्या नावानं पाठवा. वांग्याचं रोप बोटभर असतानाच त्याची काडी जांभळी की हिरवी ते कळतं. एकाच वांग्यातून दोन्ही निघतील, चारात सुमारे तीन जांभळी, एक हिरवं. सोबत दोन ओळी लिहा. मिशी, खारपाण, काहीही नको.

प्राजक्ता

*

अमरावती,
१२ डिसेंबर २०२४

जानराव यांस नमस्कार.

सोबत एक वाळलेलं वांगं पाठवतो. मी दिलेलं बी याच झाडाच्या वांग्यांचं होतं. झाडं बाजारच्या रोपांची होती. माझ्या समजुतीनं ती घरची झाली होती. पोरगी म्हणते, माझी समजूत चुकीची. ती शिकलेली आहे, तिचं खरं असेल.

वांगं तुम्हीच फोडा, तुम्हीच पेरा. काय निघतं ते पाहा आणि मला काय म्हणायचं ते म्हणा. पाण्याबद्दल लिहिलं ते रागात लिहिलं, ते मनातून काढून टाका.

पोरीबद्दल काही लिहीत नाही. ती तुमची सून आहे, तुम्ही तिचं वाईट करणार नाही हे मला माहीत आहे.

खुशालराव

*

अकोला,
९ जानेवारी २०२५

प्रिय खुशालराव,
सप्रेम नमस्कार.

आपलं वांगं पोचलं त्या दिवशी मी ते दोन तास टेबलावर ठेवून पाहत बसलो. मनात म्हटलं, हा सगळा बापलेकीचा डाव आहे. सूनबाईंना जवळ येऊ दिलं नाही. सुरी मीच धरली, बी मीच काढलं, ट्रेमध्ये माती मीच भरली आणि ट्रे गच्चीवर उन्हात ठेवून गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला बांधली. आमच्या सौ. जयवंताबाई म्हणाल्या, "वाळवण घालाचं कुठी आता? तुमच्या कमरेवर?" मी ऐकलं नाही.

थंडीमुळे उगवायला वेळ लागला. रोज सकाळी वर जायचो. खरं सांगतो, रिटायर झाल्यापासून इतक्या उत्सुकतेनं मी कुठल्या जिन्याची पायरी चढलो नव्हतो. आधी सगळी सारखीच दिसली. मग एका सकाळी ऊन तिरपं पडलं होतं आणि मला दिसलं. बऱ्याच काड्या जांभळट आणि मधूनमधून लख्ख हिरव्या! चष्मा पुसून परत पाहिलं. खाली वाकून मोजलं, दोन वेळा मोजलं. चारात तीन आणि एक, सूनबाईंनी सांगितलं होतं त्याच्या आसपास. अगदी नेमकं नव्हतं, म्हणून मी खाली येऊन हरकत काढली. त्या म्हणाल्या, "मामाजी, निसर्ग तराजू घेऊन नाही बसत. जास्त बी पेरा, आणखी जवळ येईल."

खुशालराव, एका वांग्याच्या पोटात बाहेरून बी शिरायला जागा नसते, एवढं मलाही कळतं. एका पोटची लेकरं दोन रंगांची निघाली. तुम्ही भेसळ केली नव्हती.

रामरावांना त्याच दिवशी घरी बोलावलं आणि गच्चीवर नेऊन ट्रे दाखवला. सूनबाईंनी समजावलेलं सगळं मी त्यांना समजावलं. मध्ये एकदा अडखळलो, तेव्हा सूनबाईंनी खालून बोलून दुरुस्त केलं. रामराव म्हणाले, "मंग मी उगीच इवायाले बदनाम केलं म्हना." मी म्हटलं, तुम्ही एकदाच केलं, मी दोन महिने मनात करत होतो.

आता जे मनात आहे ते लिहितो. मला वांग्याचं दुःख नव्हतं. तुमच्या घरची माणसं पाहून मी सोयरीक केली होती, आणि वाटलं, माणूस ओळखण्यात फसलो. मग मन भरकटत गेलं. ज्यानं बियात फसवलं तो पुढे कशात फसवेल, त्याच्या घरी सून कशाला पाठवा, असं होत होत बाळंतपणापर्यंत आलं. आज हलकं वाटतं. तुम्ही खरे निघालात याचा आनंद मला तुमच्यापेक्षा जास्त झाला असेल.

संक्रांत आणि कर होऊ द्या. सतरा तारखेला मी स्वतः सूनबाईंना घेऊन येतो. सातवा सरायच्या आत. अंकुरही येईल, पण आणून सोडणार मी. दुर्गाबाईंना सांगा, खोली तयार ठेवा.

ताटव्यातल्या हिरव्या लांब वांग्यांची चव सगळ्यांत सरस आहे. मी त्यांचंच बी धरलं आहे. सूनबाई म्हणतात, दरवर्षी असंच निवडत राहिलात तर काही वर्षांत गावंड्यांच्या घरचं बी होईल.

आपला
जानराव

*

अमरावती,
२ एप्रिल २०२५

सौ. जयवंताबाई यांना दुर्गाबाईचा नमस्कार.

विहीणबाई, मी पत्र लिहिणारी बाई नाही. आजवर आमच्या घरात हेच लिहीत आले. पण फोनवर तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारता विचारता बाकी राहून जातं, आणि शेजारी कुणी ना कुणी उभं असतंच.

तुमची नात चांगली आहे. दूध पिते, झोपते, मूठ उघडत नाही. प्राजक्ताला टाके दुखतात, पण ताप नाही. मी सकाळ-संध्याकाळ कपाळाला हात लावून पाहते. कळा सुरू झाल्या तेव्हा तिनं माझं मनगट असं धरलं की अजून काळं निळं आहे. मी ते कुणाला दाखवत नाही, पण मला ते बरं वाटतं. तुम्हीही आई आहात, तुम्हाला कळेल.

एक सांगायचं राहिलं. नोव्हेंबरात तुमच्याकडचं ते पहिलं पत्र आलं ना, त्यानंतर यांनी तुम्हाला लिहिलं की खोली तयार आहे. खोली तयार नव्हती. मी त्याच दुपारी खाट उभी करून ठेवली होती आणि दुपटी पेटीत घालून टाकली होती. नजरेसमोर नको म्हणून. यांना म्हटलंच नाही. जानेवारीत तुमच्या घरचा माणूस पोरीची पिशवी स्वतःच्या हातात धरून आमच्या दारात उतरला, तेव्हा मी "या" म्हणायच्या ऐवजी रडले. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

परवा पाडव्याला तुमच्या घरचे आणि अंकुरराव येऊन गेले, त्याची गंमत ऐका. पाळण्याशी दोघं व्याही उभे राहिले आणि झालं सुरू. हे म्हणाले, "नाक पाहा, मह्या मायचं नाक आहे." तुमचे म्हणाले, "काहीबाही नका सांगू, हे त गावंड्याचं नाक आहे, फोटो दाखोतो." आवाज चढायला लागले. मला धडकीच भरली, पुन्हा काही तुटतं की काय. प्राजक्ता खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "बाबा, मामाजी, हिच्यात तुमी दोघंबी पाव-पाव बसून आहा. आता कोनीबी कोनाले वेगळं काढू शकत नाई. भांडाचंच असन त हिच्या अंगात भांडा."

तुमच्या घरच्यांनी पाळण्याची दोरी यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "झोका द्या तुमी. मी मंग देतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन देवापुढे साखर ठेवली. पोट भरून जेवले त्या दिवशी, कितीतरी महिन्यांनी.

तुमची
दुर्गाबाई